चीनच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालात?
सही करण्याआधी व्हिसाचं बघा. नोकरीसाठी झेड व्हिसाच लागतो. ‘टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्या शाळेला सरळ नाही सांगा. पोहोचल्यावर 24 तासांत पोलिसांकडे नोंदणी आणि 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो.

सरकारी शाळेत एका वर्गात 40-50 मुलं सहज असतात. ती गप्प बसली म्हणजे त्यांना येत नाही असं अजिबात समजू नका. व्याकरण बहुधा पक्कं असतं, चारचौघांत चुकायची भीती वाटते. आधी शेजारच्याशी बोलू द्या, मग उभं करा. फार गोड मुलं असतात हो!

शाळेचे निरोप वीचॅटवर (व्हॉट्सॲपसारखं चिनी ॲप) येतात, अनेकदा ऐनवेळी. मोठ्या सुट्टीच्या बदल्यात कधी शनिवार-रविवारी शाळा भरते; तिकिटं काढण्याआधी विचारून घ्या.