सुटलेला कैदी आणि परिविक्षा अधिकारी : वाचकांचे प्रश्न

गुन्हेगारी कादंबरी लिहू पाहणाऱ्या वाचकांची या वेळची पत्रे बहुतांशी एकाच जोडीविषयी आहेत. एकीकडे तुरुंगातून बाहेर आलेला माणूस आहे आणि दुसरीकडे त्याच्यावर नजर ठेवणारा सरकारी अधिकारी. पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीचा नायक खुनाच्या गुन्ह्यात चौदा वर्षे येरवड्यात काढून सुटतो. त्यानंतर त्याला दर आठवड्याला परिविक्षा अधिकाऱ्यासमोर हजेरी द्यावी लागते. हा अधिकारी ‘पुन्हा आत पाठवीन’ असा धाक घालून त्याच्याकडून एका सराफी पेढीवर दरोडा घालवून घेतो. कायद्याच्या कसोटीवर हे कथानक टिकेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या कथानकातील भीती खरी आहे, मात्र ती आपण चुकीच्या माणसाच्या हाती दिली आहे. आपल्याकडे परिविक्षा ही तुरुंगवासानंतर येणारी गोष्ट नसून तुरुंगवासाऐवजी मिळणारी सवलत आहे. 1958च्या अपराधी परिविक्षा अधिनियमातील कलम 4 नुसार न्यायालय दोषी ठरलेल्या माणसाला लगेच शिक्षा न सुनावता, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडू शकते आणि आवश्यक वाटल्यास त्याला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला ही सवलत मुळात लागूच होत नाही. त्यामुळे खुनासाठी जन्मठेप भोगून आलेला आपला नायक या अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचण्याचा मार्ग या कायद्यात नाही.

दुसरी अडचण चौदा या आकड्याची आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा समज आपल्या कथा-चित्रपटांनी इतका पक्का केला आहे की तो खोडून काढण्याचा कंटाळा येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये गोपाळ गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, आणि सरकारने शिक्षेत सूट देण्याचा आदेश काढल्याखेरीज कैद्याला सुटकेचा हक्क मिळत नाही. चौदा वर्षांचा उल्लेख कायद्यात आहे तो वेगळ्या अर्थाने : ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला सरकारने सूट द्यायची ठरवली, तरी त्याने निदान इतकी वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढलेली असली पाहिजेत. म्हणजे चौदा वर्षांनी दार उघडत नाही, ते ठोठावण्याची परवानगी मिळते.

मात्र याच ठिकाणी आपल्याला हवा असलेला धाक सापडतो. ही सूट सरकार अटींवर देऊ शकते आणि अट मोडली असे सरकारचे मत झाल्यास सूट रद्द होऊन त्या माणसाला कोणताही पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय पकडू शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 432 मध्ये असलेली ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 473 मध्ये आली आहे. म्हणजे सुटलेल्या माणसाच्या मानेवरची दोरी परिविक्षा अधिकाऱ्याच्या नव्हे, तर पोलीस ठाण्याच्या हातात असते. त्याच्या घरी रात्री-अपरात्री येणारा, परिसरात काही घडले की आधी त्याचेच दार वाजवणारा आणि जमले नाही तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारीचा प्रस्ताव पाठवण्याची भाषा करणारा माणूस खाकी वर्दीतला असतो. आपला खलनायक तिथून घ्यावा, असे मी सुचवेन.

परिविक्षा अधिकारीच हवा असेल तर कैदी बदलावा. एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच घरफोडीत सापडलेला मुलगा घ्या. एकवीस वर्षांखालील आरोपीला तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तरीही तुरुंगवास द्यायचा असेल तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. हा मुलगा बंधपत्रावर सुटतो, त्याचा मामा जामीनदार राहतो, आणि पुढची काही वर्षे त्याच्या वर्तणुकीविषयी न्यायालयाला काय कळवायचे, हे एका माणसाच्या लेखणीवर येऊन ठरते. अट मोडल्याचे सिद्ध झाले तर न्यायालय त्याला मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथल्या तिथे सुनावू शकते. पहिलीच चूक असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालूही ठेवू शकते. पन्नास रुपये आणि तुरुंगातील काही वर्षे या दोहोंमधील निवड एका अहवालाच्या आधाराने होऊ शकते, याहून अधिक ताण कादंबरीला कशाला हवा?

जाता जाता एक सूचना : कायद्यात दरोडा ठरायला किमान पाच माणसे लागतात. आपला नायक एकटाच पेढीत शिरत असेल, तर आरोपपत्रात जबरी चोरी लिहावी.

प्रश्न : पॅरोल, फर्लो आणि प्रोबेशन यांत नेमका फरक काय? वर्तमानपत्रांत हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पॅरोल आणि फर्लो या शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या रजा आहेत आणि महाराष्ट्रातील कारागृहांच्या कागदपत्रांत त्यांना अनुक्रमे अभिवचन रजा आणि संचित रजा म्हणतात. संचित रजा ठरावीक काळ तुरुंगात काढलेल्या व वर्तणूक चांगली असलेल्या कैद्याला विशेष कारण नसतानाही मिळू शकते आणि तिचे दिवस शिक्षेत मोजले जातात. अभिवचन रजेला घरातील मृत्यू, गंभीर आजारपण यांसारखे कारण लागते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. दोन्हींत माणसाला परत आत जायचे असते. प्रोबेशन, म्हणजेच परिविक्षा, मिळालेला माणूस आत गेलेलाच नसतो.

प्रश्न : मग इंग्रजी कथांमध्ये तुरुंगातून सुटलेला माणूस नेहमी प्रोबेशन ऑफिसरकडेच का जातो? ते सारे लेखक चुकतात का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते चुकत नाहीत, त्यांचा कायदा निराळा आहे. अमेरिकेत या कल्पनेची सुरुवात 1841 मध्ये बॉस्टन शहरातील जॉन ऑगस्टस नावाच्या एका चांभाराने केली. त्याने न्यायालयात उभ्या केलेल्या एका दारुड्याला स्वतःच्या हमीवर सोडवले, काही आठवड्यांनी त्याला सुधारलेल्या अवस्थेत परत हजर केले आणि न्यायाधीशांनी त्याला नाममात्र दंड करून सोडून दिले. हे मूळ रूप आपल्या परिविक्षेसारखेच, म्हणजे तुरुंगाऐवजीचे होते. पुढे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 1 नोव्हेंबर 1987 नंतरच्या गुन्ह्यांसाठी पॅरोल (तेथे या शब्दाचा अर्थ रजा नसून शिक्षा पुरी होण्याआधी मिळणारी सशर्त सुटका) बंद केला आणि त्याऐवजी तुरुंगवासानंतरच्या देखरेखीचा काळ शिक्षेलाच जोडला. ही देखरेख करणारा अधिकारी तोच जुना प्रोबेशन ऑफिसर असल्यामुळे तेथील सुटलेला कैदी त्याच्याच दारात उभा राहतो.

इंग्लंडची व्यवस्था थरारकथेसाठी याहूनही सुपीक आहे. तेथे 1907च्या कायद्याने प्रोबेशन ऑफिसरला देखरेखीबरोबरच सल्ला देण्याचे, मदत करण्याचे आणि त्या माणसाचा मित्र होण्याचे कर्तव्य सांगितले होते. आज तेथे खुनासाठी जन्मठेप झालेला कैदी सुटला तरी आयुष्यभर ‘लायसन्स’वर असतो, म्हणजे त्याची शिक्षा संपत नाही, फक्त तुरुंगाबाहेर चालू राहते. कुठे राहायचे, कोणत्या भागात जायचे नाही, कोणाशी संपर्क ठेवायचा नाही, या अटी त्याच्यावर असतात. एखादी अट मोडली, किंवा त्याच्यामुळे लोकांना असलेला धोका वाढला आहे असे प्रोबेशन ऑफिसरला वाटले, तर त्याला परत बोलावण्याची शिफारस वरिष्ठांमार्फत न्याय मंत्रालयाकडे जाते आणि न्यायालयात आधी सुनावणी न होता पोलीस त्याला उचलून तुरुंगात नेतात. पॅरोल मंडळ त्याच्या प्रकरणाचा विचार करते ते त्यानंतर. ज्याने मित्र व्हायचे त्याच्याच हाती परत पाठवण्याची पहिली किल्ली, असा हा पेच आहे, आणि मिरजेच्या वाचकांचे कथानक जसेच्या तसे चालेल ते याच भूमीवर.

अशा कथांमध्ये सुटलेला माणूस एक तर पूर्ण सुधारलेला असतो किंवा आतून तसाच असतो, याचा मात्र मला कंटाळा आला आहे. 29 नोव्हेंबर 2019 रोजी लंडन ब्रिजजवळच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये कैद्यांच्या शिक्षणाविषयीच्या कार्यक्रमात जे घडले ते कोणत्याही लेखकाला सुचले असते तर संपादकाने ओढूनताणून आणलेले म्हणून कापले असते. दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन लायसन्सवर सुटलेल्या, पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा असलेल्या एका माणसाने तेथे चाकूने दोन तरुणांचा जीव घेतला. हे दोघेही कैद्यांच्या शिक्षणासाठीच काम करणारे होते. त्याला भिडणाऱ्यांमध्ये खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा आणि त्या दिवसापुरता बाहेर सोडलेला एक कैदी होता. पुढे राणीच्या विशेषाधिकारातून त्याच्या किमान शिक्षेतील दहा महिने कमी करण्यात आले. त्या सभागृहात जमलेल्या कैद्यांची पूर्वी कागदावर तपासणी झालेली होती, धोक्याचे अंदाज लिहिले गेले होते. कादंबरीकाराने अशा कागदांवर किती विश्वास ठेवायचा, हे मी आपल्यावर सोडतो.

प्रश्न : माझी नायिका परिविक्षा अधिकारी आहे. तिच्याकडे बंदूक नाही, अटकेचा अधिकार नाही. मग थरार आणायचा कोठून? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : तिच्याकडे बंदूक नाही हीच आपली जमेची बाजू आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिविक्षा अधिकारी गृह खात्यात नसून महिला व बालविकास विभागात काम करतात, आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकांचा असतो. 2015च्या बाल न्याय अधिनियमानुसार मूल पकडले गेल्याची खबर मिळाल्यावर परिविक्षा अधिकाऱ्याने त्याच्या कुटुंबाची व पूर्वायुष्याची माहिती देणारा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत बाल न्याय मंडळाला द्यायचा असतो. आता ही नायिका काय करते ते पाहा. पोलीस ज्या घरात दंडुका घेऊन शिरले, त्याच घरात ती दुसऱ्या दिवशी वही घेऊन जाते. ती शेजारणीशी बोलते, शाळेतील हजेरीपट पाहते, मुलगा ज्या गॅरेजमध्ये काम करत होता तेथील मालकाला भेटते, बाप खरोखर कामाला जातो की नाही हे विचारते. पोलिसांना कोणी जे सांगत नाही ते तिला सांगितले जाते, कारण ती तपासासाठी आलेली नाही असे सर्वांना वाटते. मोठ्या आरोपींच्या बाबतीतही न्यायालयाने मागवलेला अहवाल याच रीतीने तयार होतो.

म्हणून तिच्या हाती अशी एखादी गोष्ट पडू द्या, जी गुन्ह्याच्या तपासात कोणालाच मिळालेली नाही : मालकाच्या वहीतील एक तारीख, किंवा आईने अनवधानाने सांगितलेले एका पाहुण्याचे येणे. त्या माहितीचे तिने काय करायचे? ती पोलिसांची खबरी नाही, आणि घरच्यांनी तिला विश्वासाने सांगितले आहे. अहवालात लिहिले तर मुलाचे हित बिघडू शकते, न लिहिले तर दुसऱ्या कोणावर अन्याय होऊ शकतो. पाठलाग आणि गोळीबार यांची गरज या दोन परिच्छेदांनंतर फारशी उरत नाही. मोटारीऐवजी तिला एसटीने तालुक्याच्या गावी पाठवा, आणि ज्या गावात ती चौकशीला जाते तेथे तिच्याआधी कोणीतरी पोहोचलेले असू द्या.

प्रश्न : अधिकारी आणि कैदी यांच्यातील विश्वासाची कथा आपल्याकडे खरोखर घडली आहे, की ती केवळ आदर्शवादी कल्पना आहे? – एक वाचक, विटा

उत्तर : आपल्या गावापासून फार लांब नसलेल्या आटपाडीजवळ ती घडली आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, 1939 मध्ये, मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या पुढाकाराने तेथे स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंतीविना, शेती करत आणि कुटुंबासह राहण्याची मुभा कैद्यांना देणारा हा प्रयोग होता. त्यावरून सुचलेली ग. दि. माडगूळकरांची कथा घेऊन व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, आणि त्यातील सहा खुनी कैदी व त्यांचा तुरुंगाधिकारी आपल्याला ठाऊक आहेतच. मात्र त्या चित्रपटातील सद्‌भावना थरारकथेत उसनी घेऊ नये, असे मला वाटते. खुल्या वसाहतीतील कैदी पळून जाऊ शकतो आणि तरीही पळत नाही. त्या रोजच्या न पळण्यामागे बायकोमुलांचा, उरलेल्या वर्षांचा आणि पुन्हा बंद तुरुंगात जाण्याच्या भयाचा जो हिशेब असतो, तो लिहिला तर कथा उभी राहील.

प्रश्न : आपल्याविषयी परिविक्षा अधिकाऱ्याने काय लिहिले आहे, हे आरोपीला वाचता येते का? माझ्या कथेचा शेवट यावर अवलंबून आहे. – एक वाचक, लातूर

उत्तर : पूर्ण अहवाल त्याच्या हाती पडत नाही. 1958च्या अधिनियमाच्या कलम 7 नुसार तो गोपनीय मानला जातो. परंतु न्यायालयाला योग्य वाटल्यास ते त्यातील सारांश आरोपीला सांगू शकते आणि अहवालातील मजकुराबाबत पुरावा देण्याची संधीही देऊ शकते. तेव्हा आपल्या नायकाला अहवालाची प्रत चोरायला लावण्याऐवजी न्यायाधीशांच्या तोंडून तो सारांश ऐकू द्या, आणि ज्या शेजाऱ्याचे म्हणणे अहवालात आले आहे, त्यालाच साक्षीसाठी आणण्याची परवानगी त्याच्या वकिलाला मागू द्या.