पाय सुजले म्हणून पाणी तोडायचं?

प्रश्न : डॉक्टरबाई, मला आठवा महिना सरत आलाय. संध्याकाळी पाय इतके सुजतात की जोडवी काढून ठेवलीत. सासूबाई म्हणतात, अंगात पाणी भरलंय, पाणी कमी पी, मीठ सोड. नणंदेने लघवीची गोळी सुचवली. हिमोग्लोबिनही 11.4 वरून 10.6 वर आलंय. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : पाणी पी बाई, आणि या उन्हात तर तहान मारूच नकोस. सासूबाईंचं निम्मं खरं आहे. दिवस भरत येईपर्यंत अंगात 6 ते 8 लिटर पाणी वाढतं. बाळ, वार आणि गर्भजल त्यात आलंच, शिवाय तुझ्या रक्तातला पातळ भागही 40-50 टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. तरी 11 च्या खाली गेलंय, तेव्हा लोहाची गोळी चुकवू नकोस.

रक्तातलं प्रथिन विरळ होतं, गर्भाशय पायांकडून वर जाणाऱ्या शिरा दाबतं, आणि दिवसभर उभं राहिलं की पाणी पायांत झिरपतं. पिणं तोडून ते ओसरत नाही, रक्तातलं मात्र घटतं. लघवीची गोळी हेच काम आणखी जोरात करते, म्हणून मनाने मुळीच नको. मीठ सोडूनही गर्भारपणातलं बीपी टळत नाही. रोजच्या जेवणातलं राहू दे. पोह्यांवर मूठभर शेव मात्र कमी कर (इंदुरात हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, ठाऊक आहे).

आता पारख घरी कशी करायची? सकाळी उठल्यावर नडगीच्या हाडावर अंगठा चार-पाच सेकंद दाबून धर. खळगा पडतो का, किती वेळ राहतो ते बघ. रात्री डाव्या कुशीवर झोपून सकाळी सूज उतरली असेल, तर सहसा काळजी नाही. सकाळीच चेहरा, पापण्या फुगल्या किंवा बांगड्या अचानक रुतायला लागल्या, तर मला ते आवडत नाही. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, लघवीला जाऊन आल्यावर कर. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास ठीक. एकदम किलोहून जास्त वाढलं तर दवाखाना गाठ. लघवी फिकट हवी. बी-कॉम्प्लेक्सने ती भडक पिवळी होते, त्याने घाबरू नकोस.

बीपी 140/90 किंवा वर, लघवीत प्रथिन, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. एकच पाय सुजून दुखत असेल तरी तसंच. शिरेत गुठळी असू शकते.

बाळंतपणानंतर दोन-चार दिवस सूज वाढलेलीही दिसेल, मग भरपूर लघवी होऊन उतरेल. बीपी तेव्हाही तपासून घे, पहिल्या आठवड्यात ते नव्यानेही चढू शकतं.