वाचकांचे प्रश्न : चर्चचे वय कसे ठरवावे?

प्रश्न : आमच्या धर्मग्रामाची (पॅरिशची, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक कॅथलिक समुदायाची) स्मरणिका निघणार आहे. चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक वर्ष कोरलेले आहे, घंटेवर त्याच्या बरेच आधीचे आहे आणि नोंदवहीतील पहिला बाप्तिस्मा या दोहोंच्या मधला आहे. स्थापनेचे वर्ष कोणते धरावे?

उत्तर : तिन्ही वर्षे खरी असू शकतात, कारण धर्मग्राम आणि त्याची इमारत यांचा जन्म बहुधा एकाच वेळी होत नाही. धर्मग्राम बिशपांच्या आदेशाने अस्तित्वात येतो; इमारत मात्र अपुरी पडते, जळते, पुन्हा उभी राहते. रोममधील सेंट पीटर्समध्येही चौथ्या शतकातील बॅसिलिका (भव्य चर्च) उतरवून १५०६ मध्ये नव्या वास्तूचे काम सुरू झाले आणि तिचा अभिषेक (वास्तू उपासनेसाठी अर्पण करण्याचा विधी) १६२६ मध्ये झाला.

म्हणून शोध कागदांपासून सुरू करावा. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंना बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या वहीचा समास आवर्जून वाचावा, कारण पुढे झालेल्या विवाहाची नोंद तिथेच केली जाते आणि त्या एका ओळीतून माणूस कोणत्या धर्मग्रामात गेला हेही कळते. अशा वह्या चाळताना कागद दुमडू नये, शाईवर बोट फिरवू नये. पान गेले की त्या माणसांचा मागच पुसला जातो. धर्मग्रामाच्या स्थापनेचा आदेश धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या) दफ्तरात शोधावा.

त्यानंतर वास्तूकडे वळावे. आतल्या भिंतींवर बारा किंवा चार क्रूस आणि त्यांच्यापाशी मेणबत्त्यांच्या बैठका असतील, तर अभिषेकाच्या वेळी बिशपांनी तिथे पवित्र तेल लावले असे समजावे; त्या अभिषेकाचा वार्षिक सण पाळला जात असल्यास तारीखही हाती लागते. दर्शनी भिंतीवरचे वर्ष बांधकामाचे असेल किंवा केवळ डागडुजीचेही असेल. घंटेवरील वर्ष ती ओतल्याचे असते, आणि घंटा जुन्या किंवा दुसऱ्याच चर्चमधून आलेली असू शकते. वेदी भिंतीपासून पुढे आणलेली दिसली, तर तो बदल बहुधा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा (१९६२–६५) असतो. धर्मगुरूंचे निवासस्थान, शाळा व दफनभूमी यांचे काळ स्वतंत्रपणे तपासावेत.

स्मरणिकेत स्थापनेच्या आदेशाचे वर्ष, पहिल्या उपलब्ध नोंदीचे वर्ष आणि सध्याच्या इमारतीचे वर्ष अशी तीन वर्षे वेगवेगळी छापावीत आणि प्रत्येकापुढे त्याचा आधार लिहावा.