वाचकांचे प्रश्न: बर्फातली स्लिपर ऑर्किड गोव्यात लागेल का?

प्रश्न (फोंडा): ताई, माझी मुलगी टोरांटोला असते. तिच्या शेजारणीच्या अंगणात गुलाबी-पांढरी, पुढे चपलेच्या टोकासारखी पिशवी असलेली फुलं येणारी ऑर्किड आहे. हिवाळाभर बर्फाखाली असते तरी मरत नाही. मुलगी डिसेंबरात येतेय, तिला एखादा गड्डा बॅगेत घालून आणायला सांगू का? एवढ्या थंडीत टिकणारं झाड आमच्याकडे आरामात टिकेल ना? थंडी कमी पडली तर फ्रीजमध्ये ठेवायचं असंही कुणीतरी सांगितलं.

उत्तर: काकू, आधी बॅगेचं सांगून टाकते, नको. ऑर्किड एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची म्हणजे साइटिस, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या देशोदेशीच्या व्यापारावरचा करार, आडवा येतो, त्याची कागदपत्रं लागतात, शिवाय आपल्याकडे 2003 ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे, त्याप्रमाणे इम्पोर्ट परमिट आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी, म्हणजे रोप रोग-कीडमुक्त असल्याचं, सर्टिफिकेट हवं. नाहीतर गड्डा जाईल कचऱ्यात आणि पोरगी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी कस्टमवाल्यांसमोर उभी.

आता झाडाचं. वर्णनावरून ती सिप्रिपेडियम रेजिनी वाटते, तिकडच्या ओलसर रानातली, अमेरिकेत मिनेसोटाचं राज्यफूल आहे ते. पण एक लक्षात घ्या, हे झाड थंडी कशीबशी सोसतंय असं नाहीये, त्याला ती लागतेच. शरद संपता संपता वरची पानं वाळून जातात आणि जमिनीलगत नुसते कोंब राहतात, त्यावर बर्फाची गोधडी, आणि त्या कोंबांना साधारण तीन महिने पाच डिग्रीच्या खालचा गारवा मिळाला तरच वसंतात ते जागे होतात. आपल्याकडे पणजीत जानेवारीतल्या चांगल्या थंड रात्रीसुद्धा पारा अठरा-वीसच्या आसपास, आपण स्वेटर काढतो पण त्या झाडाच्या लेखी तो उन्हाळाच. मग कोंब अर्धवट उठतो नाहीतर उठतच नाही, आणि मुळं कुजायला लागतात.

झोपणारी ऑर्किड आपल्याकडे नाही असं मात्र समजू नका हं. जूनमध्ये पाऊस लागला की सड्यांवर गवतातून हबेनारियाची पांढरी फुलं डोकं काढतात बघा, ती बाकीचं वर्ष जमिनीखाली गड्डा होऊन पडलेली असतात. फक्त त्यांचा झोपायचा मोसम कोरडा उन्हाळा, आणि तिकडच्यांचा बर्फाचा हिवाळा. घड्याळच उलटं आहे, ते आपण कसं फिरवणार?

फ्रीजचं म्हणाल तर ते अगदीच खोटं नाही. गड्डा किंचित ओल्या परलाइटमध्ये (कुंडीत घालतात ते पांढरे हलके दाणे) किंवा मॉसमध्ये (शेवाळात) गुंडाळून, पिशवीत घालून, दोन ते पाच डिग्रीत तीनेक महिने ठेवतात, परदेशात थंडी कमी पडणाऱ्या भागातले लोक करतात हे. म्हणजे बांगड्याच्या डब्याशेजारी तीन महिने ऑर्किड झोपलीय, घरच्यांची तयारी असेल तर हरकत नाही. पण फ्रीजमधून काढल्यावर काय? पुढे आपला एप्रिल-मे येतो, रात्रीसुद्धा पंचवीसच्या खाली न उतरणारा, आणि या झाडाची मुळं वरच्यावर पसरतात, त्यांना गार माती लागते. आदल्या वर्षी साठवलेल्या जोरावर एखादं फूल येईलही, मग दरवर्षी कोंब बारीक बारीक होत झाड संपतं. बाहेर हे रोप महाग मिळतं, कारण बियांमध्ये साठवलेलं अन्नच नसतं, निसर्गात एका बुरशीच्या मदतीने ते रुजतं आणि पहिलं फूल यायला कित्येक वर्षं जातात. असलं झाड दोन सीझनमध्ये मारायला मला तरी जीवावर येतं. तुम्हाला आवडच असेल तर पावसाळ्याच्या सुरवातीला उत्तराखंडला व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन या, आपली हिमालयातली सिप्रिपेडियम हिमालाइकम तिथे आहे. तिथेच बघायची, खणायची नाही!

आणि घरी स्लिपर ऑर्किड पाहिजेच ना, तर तिची गरम प्रदेशातली बहीण घ्या, पॅफिओपेडिलम, सगळे पॅफ म्हणतात. तिला झोप नाही, बारा महिने पानं, चपलेची पिशवी तशीच आणि एकेक फूल दीड-दोन महिने टिकतं. फक्त पानं बघून घ्या. चितकबरी पानं, म्हणजे हिरव्यावर फिक्या ठिपक्या-पट्ट्यांची जाळी असलेली, मॉडी जातीची संकरित रोपं आपल्या उष्म्यात चालतात. साधी एकरंगी हिरवी लांब पानं आणि मोठं गोल फूल असलेली बरीच रोपं ईशान्येकडच्या थंड डोंगरांतल्या इन्सिग्नेच्या वगैरे वंशातली असतात, त्यांना कळी धरायला गार रात्री लागतात. दुकानदार दोन्ही एकाच भावात आणि एकाच तोंडाने विकतो, म्हणून तुम्हीच बघा.

प्रश्न (मडगाव): माझ्याकडे चितकबऱ्या पानांची पॅफ आहे, फ्लॅटच्या बाल्कनीत. मे पर्यंत मस्त होती. जुलैत मधल्या पानाच्या बुडाशी तपकिरी पाणचट डाग पडला आणि दोन दिवसांत ते पान हातात आलं, वासही येतोय. खत कमी पडलं का?

उत्तर: खताचा काही संबंध नाही, खत सध्या बंदच ठेवा. हा पावसाळी कुजवा आहे. पॅफची पानं बुडाशी एकमेकांत घट्ट बसलेली असतात, त्या खाचेत वाऱ्याबरोबर आलेलं पाणी साचतं, हवा ही अशी दमट, की बॅक्टेरियाला दुसरं काय पाहिजे. लगेच ब्लेड गॅसवर तापवून घ्या, गार करून कुजलेला भाग थोड्या चांगल्या भागासकट कापा, प्रत्येक कापाआधी ब्लेड परत तापवा. कापलेल्या जागी दालचिनीची बारीक पूड लावा, पण ती मुळांवर सांडू देऊ नका, मुळं सुकवते. मधला शेंडाच गेला असेल तर घाबरू नका, बाजूला फुटवा असेल तर झाड त्यातून चालतं, नाहीतरी पॅफचा एक फुटवा एकदाच फुलतो आणि पुढचं फूल नवीन फुटव्याला येतं. म्हणून फूल गेलं की जुना फुटवा कापायचा नाही, तोच नव्याला पोसत असतो.

आता जागा बदला. जून ते सप्टेंबर ही कुंडी पावसाच्या झोताखाली नको, कौलांखाली किंवा घरात पूर्वेच्या खिडकीशी, जिथे थेट ऊन नाही पण वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड आहे. छोटा टेबलफॅन सगळ्यात हळू लावून ठेवला तर माझ्या मते औषधापेक्षा जास्त काम करतो. पाणी सकाळीच आणि फक्त कुंडीत, पानांच्या मधे पडलंच तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. मात्र पाऊस आहे म्हणून पाणी पार तोडायचंही नाही, डेंड्रोबियम ऑर्किडसारखे जाड दांडे हिला नसतात त्यामुळे पाणी साठवायला जागाच नाही, बोट खुपसून बघा आणि आतलं मिश्रण कोरडं व्हायच्या बेताला आलं की द्या.

मिश्रण कुठलं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला दाट शंका आहे कोकोपीटची. नर्सरीवाले त्यात देतात, आणि पावसात तो भुसा चिखलासारखा गच्च बसतो. त्याऐवजी पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, लाकडी कोळशाचे तुकडे आणि थोडं परलाइट. साल नाही मिळाली तर माडाच्या सोडणांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, पण आठवडाभर पाणी बदलत भिजवा, पाणी तांबडं यायचं थांबेपर्यंत, कारण सोडणांत क्षार असतात आणि पॅफच्या मुळांना ते सोसत नाहीत, पानांची टोकं जळतात. कुंडी लहानच, मुळं जेमतेम मावतील एवढी. पावसाळा संपला की बदला आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी, कारण ही सामग्री आपल्याकडे भराभर कुजते.

रात्री टॉर्च घेऊन एक चक्कर माराच. गोगलगाय कळीवर ताव मारून जाते आणि सकाळी आपण फुलाची वाट बघत बसतो.

प्रश्न (वाळपई): आमच्याकडे किनाऱ्यापेक्षा थंडी बरी पडते. तर इथे वरची ती बर्फातली जात जमेल का? आणि केरळच्या जंगलात पिवळी स्लिपर ऑर्किड मिळते म्हणतात, तिकडे जाणारा एक ओळखीचा आहे.

उत्तर: पहिल्याचं उत्तर नाही, तुमच्या सत्तरी तालुक्यातली थंडी पाच डिग्रीच्या जवळपासही जात नाही. पॅफला मात्र तुमच्या गार रात्री आवडतील, कुळागरात पोफळींच्या सावलीला छान होतील, फक्त वर छप्पर करा. तिथे तुम्ही जरा वेगळी जातही करून बघू शकता, पॅफ निवियम नाहीतर कॉन्कलर, या चुनखडीच्या कड्यांवरच्या, त्यांच्या मिश्रणात तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, कवचं नीट धुवून, मीठ काढून, ठेचून चमचाभर टाकायची.

दुसऱ्याचं उत्तर ठाम नाही. ती पॅफ ड्रुरी, दक्षिण भारतातली एकमेव पॅफ, अगस्त्यमलाईच्या डोंगरात उरलीय आणि गोळा करणाऱ्यांनीच तिची ही अवस्था केलीय. पॅफच्या सगळ्या रानटी जाती वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, साइटिसच्याही पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. ओळखीच्याला सांगा फोटो काढून आण. विकत घेतानाही मुळांना जंगलातली माती, शेवाळं, वेडीवाकडी फाटकी पानं दिसली तर ते रोप सोडून द्या, नर्सरीत वाढवलेलं रोप एकसारखं आणि स्वच्छ असतं, आणि बिल मागितलं की विकणारा देतो.