तीन मिनिटांची तबकडी आणि तिच्याविषयीचे मत

मिरजेच्या दर्ग्यातील संगीतसभा ऐकून बेळगावला परतल्यावर आपण किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या जुन्या तबकड्या (ध्वनिमुद्रिका) लावल्या. त्या आपल्याला घाईच्या आणि किनऱ्या वाटल्या, आणि त्या घराण्याच्या ज्या संथ बढतीचे, म्हणजे रागाच्या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या विस्ताराचे, एवढे कौतुक होते ती कोठेच सापडली नाही. असे मत उघडपणे मांडावे का, असे आपण विचारता. जरूर मांडावे, मात्र ते खाँसाहेबांविषयी आहे की तबकडीविषयी, हे आधी ठरवून घ्यावे.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. आज आपण सभागृहात जो अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतला, एकताल ऐकतो, त्या तालचक्राची तीन-चार आवर्तने होतात न होतात तोच एवढा वेळ निघून जातो. म्हणून गायक मध्य लय धरत, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) मांडत, थोडी आलापी (संथ स्वरविस्तार) करत आणि लगेच सरगम (स्वरांची नावे घेत गाणे) वा तानेकडे (जलद स्वरमालिकेकडे) वळत. ही घाई माध्यमाने लादलेली आहे. शिवाय ज्या अतिसंथ बढतीची आपण अपेक्षा केलीत, तिचे श्रेय जाणकार प्रामुख्याने त्याच घराण्यातील अब्दुल वहीद खाँसाहेबांना देतात. तेव्हा ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीत शोधणे हे दोघांवरही अन्यायाचे आहे.

आवाजाबाबत आणखी सावध राहावे लागते. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच पट्टीचा आणि बारीक होता, हे खरे. परंतु त्या काळी ध्वनिमुद्रणाचा वेग सर्वत्र काटेकोरपणे एकच नसे. मूळ वेगापेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरवलेली तबकडी सूर अर्ध्या स्वराने चढवते आणि लयही तेवढीच वाढवते, म्हणजे आपल्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाने उद्भवू शकतात. इंटरनेटवर एकाच तबकडीच्या निरनिराळ्या प्रती मिळतात. त्यांचे षड्ज (सा) तानपुऱ्याशी ताडून पाहा. ते जुळले नाहीत, तर निदान एक प्रत तरी चुकीच्या वेगाने उतरवलेली आहे हे निश्चित समजावे.

एवढे झाल्यावर जोगिया रागातील ‘पिया मिलन की आस’ पुन्हा ऐका, आणि या वेळी फक्त मध्यमावरून (म) कोमल रिषभाला (रे) स्पर्श करून षड्जावर येण्याच्या जागा तेवढ्या ऐका. सूर कोठेही ढकललेला नाही, आणि षड्ज लागल्यावर तो क्षणभर निथळत राहतो. मला त्यांचे मोठेपण येथे दिसते. याउलट, काही तबकड्यांतील सरगम मला आजही दाट वाटते आणि रागाचा विस्तार तिच्यामुळे थोडा आखडतो असे माझे मत आहे; ते मी आदर राखूनच, पण स्पष्टपणे सांगतो.

काळाचा उल्लेख टाळून मत देणे तर फारच धोक्याचे. हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या आणि त्यांतला आवाज बारीक, चढा आहे; पुढे घशाच्या विकारानंतर तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. कोणत्या वर्षीचे गाणे ऐकले हे न सांगता केवळ ‘गंगूबाईंचा आवाज’ असे लिहिणाऱ्याने नेमके काय ऐकले, हे वाचणाऱ्याला कळतच नाही. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याबाबत अडचण निराळी आहे. त्यांच्या घराण्याची, म्हणजे जयपूर-अत्रौली, गायकी अतिविलंबितात रमत नाही. ती आवर्तन स्वरवाक्यांनी सलग भरत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. किराण्याची फूटपट्टी तिला लावून ‘आलापी कमी’ असा शेरा मारणारे आपल्या भागात अजूनही पुष्कळ आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मिरजेच्या सभेविषयी लिहिताना आपण कोठे बसला होता, ध्वनिवर्धकातून तानपुरा ऐकू येत होता की तबल्याखाली दबला होता, आणि राग कोणत्या प्रहरी गायला गेला, एवढे तरी नोंदवावे. आमच्याकडच्या अनेक सभागृहांत तबला इतका पुढे आणतात की गायकाचा खर्ज (खालचे सूर) मागच्या रांगांपर्यंत पोहोचतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोष मात्र गायकाच्या माथी मारला जातो. तबकडीविषयी लिहाल तेव्हा कोणती प्रत ऐकली तेही सांगावे, म्हणजे मला तीच लावून आपल्याशी सहमत होता येईल किंवा वाद घालता येईल.