फौजेतून पंचायतीत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मी हवालदार आहे, सहा महिन्यांत निवृत्त होतोय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात पंचायतीची निवडणूक लढवायची आहे. रजेवर येईन तेव्हापासूनच प्रचाराला लागू का?

नको. डिस्चार्जची तारीख उलटेपर्यंत, शेवटच्या रजेवर घरी बसला असलात तरी, तुम्हाला आर्मी ॲक्ट लागू आहे. 1954 च्या आर्मी रूल्सप्रमाणे उमेदवार म्हणून स्वतःचे नाव पुढे करणेही मना आहे. निवृत्तीनंतर पहिले काम म्हणजे फॉर्म 6 भरून गावच्या सर्वसाधारण मतदारयादीत नाव घालणे. सर्व्हिस व्होटर (नोकरीतला फौजी मतदार) म्हणून असलेली नोंद नंतर चालत नाही. पेन्शन हे लाभाचे पद नव्हे, त्यामुळे तिची आडकाठी येत नाही. पण पुन्हा डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) किंवा सरकारी नोकरीत गेलात तर पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, होता येणार नाही.

कायद्यापेक्षा मला काळजी वेगळी वाटते. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, माणूस बघून मत पडते. वीस वर्षे बाहेर राहिलेल्याला गाव नव्याने शिकावे लागते: कोणाची वाट कोणाच्या भाटातून (माडांच्या बागेतून) जाते, कुठल्या मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) दावा मामलेदाराकडे पडून आहे. आधी वर्षभर प्रत्येक ग्रामसभेला बसा.

प्रश्न: आमचे हे निवृत्त सुभेदार, यंदा पहिल्यांदाच पंच झाले. पंचायतीच्या बैठकीत त्यांचा आवाज चढतो. ‘ही तुमची पलटण नव्हे’ असे लोक तोंडावर बोलतात. आता राजीनाम्याची भाषा चालली आहे. काय करू? (पेडणे)

वहिनी, मीही यातून गेलो आहे. पंच झालो त्या पहिल्या वर्षी, पावसाआधी वाड्यावरचे गटार उपसायचे होते. मी सचिवांना सांगितले, सोमवारपर्यंत झाले पाहिजे. सोमवार गेला, गटार तसेच. भर कार्यालयात मी त्यांच्यावर ओरडलो. नंतर कागद वाचले तेव्हा कळले की ठराव झालेला नव्हता, अंदाजपत्रकही नव्हते. माझ्या तोंडी हुकमावर त्यांनी पैसे खर्च केले असते तर लेखापरीक्षणात तेच अडकले असते. मी त्यांची माफी मागितली. त्या दिवसापासून मला पंचायत कळू लागली.

सात जणांच्या पंचायतीत चार हात वर झाल्याशिवाय काही हलत नाही. गोव्यात सरपंचसुद्धा पंचच निवडतात, आणि अविश्वास ठराव आणून तेच उतरवतात. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी चौघांच्या घरी जाऊन बोलणे यात लाचारी नाही. चांगला सुभेदार पलटणीतही आधी जवानांशी बोलून घेतो, हे त्यांना आठवण करून द्या.

आणि त्यांच्याकडे जे आहे ते इतरांकडे क्वचित असते. ठेकेदार वीस मीटर म्हणाला की ते स्वतः फीत लावतील, मोजमाप वही मागतील, सांगितल्या वेळी हजर राहतील. गावाला याचीच गरज आहे. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. जून 1962 मध्ये फौजेने कारभार नागरी हातांत दिला आणि त्याच वर्षी इथे ग्रामपंचायतींचा कायदा आला. मला त्या माघारीचा फार आदर वाटतो. सुभेदारांना राजीनामा देऊ देऊ नका.

प्रश्न: नौदलातून निवृत्त झालो. निवडणूक नको, पण गावासाठी काहीतरी करायचे आहे. (फोंडा)

जुन्या फौजींच्या विधवांचे कागद हातात घ्या. लग्नानंतर नाव बदलण्याची आपली रीत; मग सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरेच, आणि कौटुंबिक पेन्शन अडून बसते. स्पर्शवर (फौजी पेन्शनच्या पोर्टलवर) दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो भरायला म्हाताऱ्या बाईला कोणी नसते. पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक वाचता येणारा माणूस वाड्यावर तुम्हीच असाल. सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जा, नुसता पत्ता देऊ नका. सुरुवात अशा घरापासून करा जिथला फौजी जाऊन दहा वर्षे झाली आणि ट्रंक अजून कोणी उघडलेली नाही. कागद बहुधा तिथेच असतात.