जुन्या होंडा एटीसीची (कच्च्या रस्त्यावर चालवायची तीनचाकी मोटरसायकल) चेन सारखी सैल पडते; नुसती चेन बदलली तर चालेल का?

नाही, पैसे पाण्यात जातील. तुमच्या तीनचाकीची मागची स्प्रॉकेट (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) घासली असेल तर नवी कोरी चेनही थोड्याच दिवसांत तिच्यासारखीच होऊन बसेल. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला.

आधी खात्री करा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटांनी ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला, की समजा खेळ संपला. दात एका बाजूला वाकून मांजराच्या नखासारखे दिसत असतील तर ओढून बघायचीही गरज नाही. पट्टीने मोजायचं तर, ५२० नंबरच्या नव्या चेनच्या २० कड्या ताणून पिन ते पिन ३१७.५ मिमी भरतात. ३२३च्या पुढे गेल्या तर चेन भंगारात. नंबर चेनच्या कडीवरच कोरलेला असतो, तो बघूनच मागवा.

अमेरिकेत या गाड्यांची विक्री १९८०च्या दशकाअखेरीस थांबली, म्हणजे तुमचे बोल्ट किमान पस्तीस वर्षांचे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर बोल्टचं डोकंच हातात येतं. (माझ्या आलं होतं.)

चेन उतरलेलीच आहे तर मागचा अ‍ॅक्सल धरून हलवून बघा. बेअरिंग खिळखिळी असतील तर चेन सरळ रेषेत राहणारच नाही, आणि खरं दुखणं कदाचित तेच असेल. बसवताना चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला ठेवा. ताण गाडीवर कुणाला तरी बसवून तपासा.